कुळागर गहाण ठेवण्याआधी

गेल्या महिन्यात या सदरात ओघाने लिहून गेले होते, की माझी डॉक्टरकीची पदवी रशियातली आहे. त्यानंतर आलेल्या पत्रांत तापाचा, गुडघ्याचा, साखरेचा एकही प्रश्न नाही. सगळ्यांना एकच विचारायचंय : बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नंबर लागला नाही, तर मुलाला परदेशी पाठवू का? चार पत्रं निवडली आहेत. नावं गाळली आहेत. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली, कारण माझे बाबा 2004 मध्ये नेमके तिथेच उभे होते.

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातला शेतकरी. मुलीने यंदा दुसऱ्यांदा 'नीट' ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली. पात्र ठरली, पण बांबोळीला जागा मिळण्याइतके गुण नाहीत. पणजीला एका हॉटेलात सेमिनार होता. तिथे सांगितलं, जॉर्जिया किंवा रशिया, सहा वर्षांत मुलगी डॉक्टर होऊन परत. कॉलेज 'एनएमसी अप्रूव्ह्ड' आहे म्हणाले. आठ दिवसांत एक लाख भरून सीट धरायची. पैशांसाठी कुळागर गहाण ठेवायची माझी तयारी आहे. त्यातल्या पोफळी माझ्या आजोबांनी लावलेल्या. पाठवू का? कुठला देश बरा?

उत्तर : भाऊ, ते एक लाख अजून दिले नसतील तर देऊ नका. आठ दिवसांची मुदत त्या माणसाची आहे, विद्यापीठाची नव्हे.

'एनएमसी अप्रूव्ह्ड' हे शब्द ज्याने उच्चारले, त्याच्याकडून पुढचं काहीही ऐकू नका. एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आणि तो परदेशातल्या कुठल्याही कॉलेजला मान्यता देत नाही आणि मान्यताप्राप्त कॉलेजांची यादीही काढत नाही. आयोगाने फक्त अटी घातल्या आहेत. तुमच्या मुलीची पदवी त्या अटींत बसते की नाही, हे ती परत आल्यावर पाहिलं जातं. तोवर कुळागराचे हप्ते सहा वर्षं चालू झालेले असतात. म्हणून ते पाहण्याचं काम आपणच, जाण्याआधी करायचं.

तुम्ही विचारलंत, कुठला देश बरा. त्याच्या आधी मुलीला समोर बसवून विचारा, तू डॉक्टर म्हणून सही कुठे करणार? वाळपईत दवाखाना घालायचा असेल, तर सगळा हिशेब भारतातल्या नोंदणीपासून मागे मागे करत जावा लागतो. माझ्या बाबांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की थंडीत पोरीचे हाल होतील का.

आता अटी. 18 नोव्हेंबर 2021 ला नवे नियम आले आणि त्यानंतर परदेशी प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहेत. कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा. त्याशिवाय 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने, प्रॅक्टिस करता यायला हवी. भारतात परतल्यावर स्क्रीनिंग परीक्षा आणि आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप. आणि प्रवेशाच्या दिवसापासून हे सगळं दहा वर्षांत पुरं व्हायला हवं.

यातली एकेक अट कागदावर साधी दिसते, पण तिच्यापायी मुलं अडकली आहेत. फिलिपिन्सचं बघा. तिथला मूळ एमडी कोर्स (आपल्या एमबीबीएसच्या जागी असलेला) चार वर्षांचा, म्हणजे 48 महिने. त्याआधीचा बीएस, म्हणजे आपल्या बीएससीसारखा कोर्स, हा वैद्यकीय अभ्यास धरला जात नाही. सहा महिने कमी पडले म्हणून पदवी कमी पडली. दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते, तिथल्या परवान्याची. काही ठिकाणी परदेशी मुलांसाठी वेगळा, आखूड कोर्स चालवतात आणि त्या पदवीवर त्यांच्याच देशात कुणी डॉक्टर होत नाही. तेव्हा विद्यापीठाला थेट ईमेल करा, एजंटामार्फत नको. विचारा, तुमच्या देशातली मुलं हाच कोर्स करतात का? ही पदवी घेऊन माझ्या मुलीला तुमच्याकडे परवाना मिळेल का? शेवटचे 12 महिने इंटर्नशिप म्हणून वेगळे लिहून द्याल का? उत्तर विद्यापीठाच्या लेटरहेडवर मागा. जे विद्यापीठ पंधरा दिवसांत असं पत्र देत नाही, ते सहा वर्षांनी गरज पडल्यावर देईल अशी आशा धरू नका.

मुलगी नीट पात्र आहे, हे चांगलं झालं. 2018 पासून परदेशी जाणाऱ्यांनाही नीट पात्रता सक्तीची आहे, आणि तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. म्हणजे यंदाच गेलं पाहिजे असं मुळीच नाही. हे तुम्हाला त्या हॉटेलात कुणी सांगितलं नसणार.

आता इंग्रजी माध्यमाबद्दल, जे मी स्वतः भोगलं. वर्ग इंग्रजीत होते, खरं आहे. पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर समोर रशियन आजीबाई. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. 'श्तो बलीत?' म्हणजे 'काय दुखतंय?' एवढं एक वाक्य पाठ करून मी पहिल्या दिवशी खाटेपाशी गेले. मी विचारलं आणि आजी पाच मिनिटं बोलत राहिली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. त्या रात्री होस्टेलवर बसून मी ठरवलं की भाषा शिकायची, आणि रोज संध्याकाळी भाजीवालीकडे उभी राहून शिकले. माझ्या बरोबरच्या कितीतरी मुलांनी भाषा टाळली. त्यांनी वॉर्डात पेशंटला हात न लावता सहा वर्षं काढली. मुलगी रशियन किंवा जॉर्जियन शिकायला मनापासून तयार आहे का, हे विचारा. तयार नसेल तर ती पदवी घेऊन येईल, डॉक्टरकी शिकून येणार नाही.

आणि स्क्रीनिंग परीक्षा, म्हणजे एफएमजीई. 300 प्रश्न, 150 गुणांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा. ऐकायला सोपी वाटते. पण अनेक सत्रांत पाचातला एकच पास झालेला आहे. मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा 131, दुसऱ्यांदा 144. तिकडे आमच्या परीक्षा तोंडी असत : टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या घातलेल्या, एक उचलायची, त्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं प्राध्यापकांपुढे बसून द्यायची. पर्यायातून उत्तर निवडायची सवयच नव्हती. शिवाय इकडची मुलं पहिल्या वर्षापासून जी पुस्तकं वाचतात, ती मी परत आल्यावर उघडली. ते दीड वर्ष मी घरी होते. बाबा मराठी शाळेत मास्तर, त्यांनी प्रॉव्हिडंट फंड काढून मला पाठवलेलं. लग्नाकार्यात कुणी विचारलं, की ते म्हणायचे, 'अभ्यास चाललाय.' तिसऱ्या वेळी 168 मिळाले. निकाल कळल्यावर ते काही बोलले नाहीत, देवळात जाऊन आले. मुलीला पाठवलंत तर पहिल्या वर्षापासून इकडची पुस्तकं सोबत द्या आणि दर सुट्टीत जुन्या प्रश्नांचा सराव करायला लावा.

पास झाल्यावरही इकडच्या इंटर्नशिपसाठी रांग असते. परदेशी पदवीधरांसाठी प्रत्येक कॉलेजात जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. आपल्याकडे बांबोळी सोडलं तर जायचं कुठे? शेजारच्या राज्यात जावं लागलं, तर तिथलं राहणं-खाणं धरा.

पैशाचं बोलू. एजंटाने दिलेला आकडा हा सहा वर्षांची फी आणि होस्टेल एवढाच असतो. त्यात विमान, दरवर्षीचा व्हिसा, विमा, थंडीचे कपडे, परतल्यावरचा क्लास आणि एक ते दोन बिनकमाईची वर्षं मिळवा. मग डॉलर. 2014 मध्ये तो साठ-एकसष्ट रुपयांना होता, 2024 संपता संपता चौऱ्याऐंशीच्या वर गेला. फी डॉलरमध्ये ठरते आणि सुपारी विकली जाते रुपयांत. माझं मत विचारलंत तर कुळागर अख्खं गहाण ठेवू नका. आधी गोवा शिक्षण विकास महामंडळात जा, तिथे गोव्यातल्या मुलांसाठी बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. नंतर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. त्याच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षं आयकरात सवलत मिळते. जमीन सगळ्यात शेवटी. आणि पैसे जातील ते थेट विद्यापीठाच्या खात्यात. एजंटाची फी वेगळी आणि पावतीवर.

कागदांबद्दल एकच सांगते, कारण आपल्याकडे हे हमखास होतं. जन्मदाखल्यावर आडनाव एका स्पेलिंगचं, बारावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. गावकर, गांवकार, गावंकर, तिन्ही एकाच घरातले. परदेशी विद्यापीठाला ही तीन माणसं वाटतात. अपॉस्टीलला, म्हणजे परदेशासाठी लागणाऱ्या सरकारी शिक्क्याला, कागद देण्यापूर्वी नावं एकसारखी करून घ्या. गोव्यात नाव बदलासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याला वेळ लागतो.

पाठवू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः गेले आणि आज फोंड्यात माझ्या दवाखान्याबाहेर बाक भरलेलं असतं. पण तुमच्याकडे नीटच्या निकालाची मुदत आहे. मुलीचे गुण बांबोळीच्या अगदी जवळ असतील, तर आणखी एक वर्ष अभ्यासाला देणं हे कुळागरापेक्षा स्वस्त आहे. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी, दोन्हींची कॉलेजं आहेत. तिला त्यात खरी गोडी असेल तर तोही रस्ता आहे, नाइलाज म्हणून मात्र नको. हे तीन पर्याय तिच्यापुढे ठेवा आणि एक आठवडा तिला काही विचारू नका. नंतर ती जे सांगेल ते मला कळवा. विद्यापीठांची उत्तरं आली की तीही पाठवा, मी वाचून देईन.

प्रश्न : आम्ही म्हापशाचे. माझ्या यजमानांच्या आईचा जन्म पोर्तुगीज काळातला, नोंद सापडली आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, पोर्तुगीज पासपोर्ट करून घ्या, मुलाला लिस्बनला मेडिकलची सीट फुकट मिळेल. मुलगा अकरावीत आहे. खरं आहे का?

उत्तर : वहिनी, पासपोर्ट मिळू शकतो. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना जन्माची नोंद लिस्बनला करून तो घेता येतो. सीटचं मात्र तसं नाही.

पोर्तुगालमधल्या सरकारी विद्यापीठांत वैद्यकीय शिक्षण सहा वर्षांचं, आणि फी खरोखर कमी, वर्षाला सातशे युरोंच्या आसपास. पण पासपोर्ट हातात आल्यावर तुमचा मुलगा परदेशी विद्यार्थी राहत नाही. तो तिथल्या मुलांच्या रांगेत उभा राहतो. त्यांच्या राष्ट्रीय प्रवेशफेरीत जीवशास्त्र, भौतिक-रसायन आणि गणिताच्या परीक्षा पोर्तुगीज भाषेत द्यायच्या. लिस्बन, पोर्तो, कोइंब्रा कुठेही घ्या, वैद्यकीयला 20 पैकी 18 च्या आसपास गुण लागतात. वर्गही पोर्तुगीजमध्ये. आजी पोर्तुगीज बोलत असेल, नातू बोलतो का? इंग्रजीत शिकवणारं एक खाजगी विद्यापीठ आहे, कातोलिका, 2021 पासून. तिथे सातशे युरोंची फी नाही.

दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत. पुढे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) घेतलं तरी 2021 च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय प्रवेशात त्या मुलाला फक्त एनआरआय जागांचा हक्क राहतो. म्हणजे लिस्बन मिळालं नाही म्हणून बांबोळीला यावं, तर गोव्याच्या कोट्यातली जागाही हातची गेली. मुलगा अकरावीत आहे. त्याची नीट होऊन निकाल लागेपर्यंत त्याचा स्वतःचा अर्ज थांबवा. नोंद सापडली आहे, ती कुठे जात नाही.

त्याला युरोपातच जायचं आणि राहायचं असेल, तर पासपोर्टचा खरा उपयोग इटलीत होतो. तिथल्या पाव्हिया, बोलोन्या, मिलान अशा सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून वैद्यकीय शिक्षण मिळतं. प्रवेश आयमॅट परीक्षेवर, 60 प्रश्न, 100 मिनिटं. फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. युरोपीय नागरिकांच्या जागा परदेशी मुलांच्या जागांहून वेगळ्या आणि पुष्कळ जास्त आहेत. मात्र भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल, तर वर सत्तरीच्या भावांना सांगितलेल्या अटी इथेही आहेत, आणि 12 महिन्यांच्या वेगळ्या इंटर्नशिपचा प्रश्न तिथे आधी विचारा.

प्रश्न : बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वास्को. अमेरिकेत डेंटिस्ट व्हायचंय. काय करू?

उत्तर : आधी इथली पदवी आणि इंटर्नशिप चांगली पुरी कर. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परदेशी बीडीएसवर थेट परवाना मिळत नाही. तिथल्या डेंटल स्कूलमध्ये 'ॲडव्हान्स्ड स्टँडिंग'चा दोन ते तीन वर्षांचा कोर्स करावा लागतो. त्याचे अर्ज कापिड या एका खिडकीतून जातात, आणि आयएनबीडीई ही 500 प्रश्नांची परीक्षा आधी द्यावी लागते. अनेक कॉलेजं मुलाखतीला बोलावून हाताचं कामही करून घेतात, म्हणून आता क्लिनिकमध्ये मिळेल तेवढं काम हाताखालून जाऊ दे. खर्च फार मोठा आहे. ब्रिटनचा रस्ता वेगळा, तिथे ओआरई नावाची दोन भागांची परीक्षा आहे. आणि हे वाचणाऱ्या बारावीच्या मुलांसाठी : परदेशात बीडीएस करून इकडे यायचं असेल, तर दंतवैद्यकालाही वेगळी स्क्रीनिंग परीक्षा आहे.

प्रश्न : ताई, मी पेडण्याची, बारावी सायन्स. मला इंग्लंडला मेडिकलला जायचंय. मामा तिथे आहेत, ते खर्च करणार आहेत. अर्जात स्वतःबद्दल लिहायचं असतं. सगळे म्हणतात, 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' असं लिही. मी कुठे परदेशी गेले नाही, कसला कॅम्प केला नाही. काय लिहू?

उत्तर : बाय, ते वाक्य खोडून टाक. ते हजार मुलांनी लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला त्यातून तू दिसत नाहीस.

आधी मामांशी स्पष्ट बोल. परदेशी मुलांची फी बऱ्याच मेडिकल स्कूलमध्ये वर्षाला चाळीस हजार पौंडांच्या वर आहे, पाच वर्षं. जागा थोड्या आहेत. आणि बारावीचे गुण काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी ए-लेव्हल (तिथली बारावी) किंवा फाउंडेशन वर्ष मागतात. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर वाचून मगच ती नावं निवड. वैद्यकीयसाठी चारच नावं घालता येतात. नीट मात्र देच, उद्या परत यावंसं वाटलं तर दार बंद नको.

आता लिहिण्याचं. पूर्वी एक सलग निबंध असायचा. 2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत : हाच विषय का, आजवरच्या शिक्षणाने तुला कसं तयार केलं, आणि शाळेबाहेर काय केलंस. तिन्ही मिळून 4,000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. म्हणजे फार नाही.

तुझ्या पत्राच्या मागच्या पानावर तू लिहिलं आहेस, की आजीचं इन्सुलिन गेली तीन वर्षं तूच देतेस आणि चवथीत मोदक, नेवऱ्या खाल्ल्यावर तिची साखर वर जाते म्हणून वहीत आकडे मांडतेस. अगो, हेच लिही. किती युनिट, कधी चुकलं, एकदा ती घामाघूम झाली तेव्हा तू साखरपाणी दिलंस की कुणाला हाक मारलीस, आणि त्यानंतर तू काय वाचलंस. आजीने सुई टोचून घ्यायला नकार दिला त्या दिवशी तू तिच्याशी काय बोललीस, तेही. वाचणाऱ्याला तुझे हात आणि तुझं डोकं, दोन्ही तिथे दिसतात. सत्तरीतल्या एका मुलीला मी असंच लिहायला सांगितलं होतं. 2015 पासून तिच्या भागात माकडतापाचे रुग्ण निघतात. काजूच्या दिवसांत बागेत जाणाऱ्या शेजाऱ्याला तो झाला, तेव्हा तिने गोचीड, माकड आणि काजू यांचा संबंध स्वतः शोधून काढला आणि वाड्यावरच्या बायकांना तेल लावून बागेत जायला सांगत फिरली. तिच्या मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच गेला.

मराठी शाळेत शिकलीस हे लपवू नकोस. पेशंटशी तू त्याच्या भाषेत बोलू शकतेस, हे डॉक्टरकीचंच कौशल्य आहे.

इंग्रजी मामांकडून तपासून घे, पण वाक्यं त्यांची नकोत. मुलाखतीत एकेका टेबलावर काही मिनिटं बसवून प्रसंग देतात, तेव्हा उसनी वाक्यं कामाला येत नाहीत. यूकॅट ही तिथली मेडिकलची प्रवेशपरीक्षा जुलै ते सप्टेंबर या काळात असते, तारीख लवकर धर. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीयच्या अर्जाची शेवटची तारीख 15 ऑक्टोबर, तिथले संध्याकाळचे 6, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. तुझ्या शिक्षकांचं शिफारसपत्रही त्याआधी जोडलेलं असायला हवं आणि चवथीच्या सुट्टीत ते तुला भेटणार नाहीत, म्हणून ऑगस्टमध्येच त्यांच्याकडे जा. पहिला मसुदा मला पाठव. इन्सुलिनची वहीही सोबत आण, मला बघायची आहे.